कोणाच्या हातचं?

काचेची जुनी फुलदाणी हाती आली की जाणकार माणूस ती आधी उलटी करतो. फुलं जिथे राहायची ते तोंड नंतर, आधी बूड. प्रागला राहायला गेले त्या पहिल्याच हिवाळ्यात, रविवारच्या जुन्या बाजारात एका वयस्कर विक्रेत्याने मला हे शिकवलं, तेही एक शब्द न बोलता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला चेक. त्याच्या टेबलावरची वीतभर उंचीची एक हिरवी फुलदाणी मी उचलून उजेडात धरली होती. रंग मूळचा हिरवा, पण जरा फिरवली की त्या हिरव्यावर कबुतराच्या मानेसारखी जांभळी-निळी झाक धावत जायची. अंगावर तपकिरी काचेच्या धाग्यांचं उंचवट्याचं जाळं, शेवग्याच्या झाडावर कोळ्याने घाईघाईत विणावं तसं. त्याने ती माझ्या हातून अलगद घेतली, उलटी केली आणि बुडाच्या मधोमध असलेल्या गुळगुळीत खळग्यावर माझा अंगठा नेऊन ठेवला. खळगा अंगठ्याच्या पेराएवढाच होता. गारेगार.

ती फुलदाणी आज पुण्यात माझ्या खिडकीत आहे. तिच्यावर सही नाही, शिक्का नाही, आकडा नाही.

आमच्या घरात 'हे कोणी केलं' असं कोणी विचारत नसे. 'हे कोणाच्या हातचं?' असं विचारत. लोणच्याची फोड जिभेवर ठेवली की आजी सांगायची, ही धाकटीच्या हातची, मोहरी जास्त फेसली आहे. दारातली रांगोळी पाहून तिला कळायचं, आज ठिपके कोणी काढलेत. गोधडी तर ती घडीवरूनच ओळखायची. कडेला टाके जवळजवळ, मध्याकडे येताना किंचित लांबत गेलेले, आणि कोपरा वळताना एक उलटा टाका जास्तीचा, म्हणजे ती आक्काच्या हातची. आक्का ही आजीची मोठी जाऊ. तिने एकाही गोधडीवर नाव काढलं नाही. तिला लिहिता येत नव्हतं.

आजीचा तोच प्रश्न मी त्या हिरव्या फुलदाणीला विचारला, आणि उत्तर शोधता शोधता बोहेमियाची रानं, नद्या आणि संग्रहालयं हिंडले.

बोहेमिया हा आजच्या चेक देशाचा पश्चिमेकडचा भाग, कडेने डोंगरांनी वेढलेला. काचेला गारगोटी लागते, ती लवकर वितळावी म्हणून क्षार लागतो आणि भट्टीला लाकूड लागतं. इथल्या डोंगरांत गारगोटी होती, रान होतं, आणि त्याच रानातली झाडं जाळून केलेल्या राखेतून क्षार मिळत होता. म्हणून काचेच्या भट्ट्या शहरात न पेटता जंगलात पेटल्या. जवळचं लाकूड सरलं की भट्टी पुढच्या रानात सरकायची. उत्तरेकडच्या डोंगरात हाराख घराण्याचा कारखाना १७१२ सालापासून कागदोपत्री दिसतो आणि अजून चालू आहे. तीनशे वर्षांहून अधिक काळ एका गावात काच वितळते आहे, हे तिथे उभं राहिल्यावरच खरं वाटतं.

माझी फुलदाणी १९०० सालाच्या आसपासची. त्या काळात अमेरिकेतल्या टिफनीच्या झळाळत्या काचेने युरोपला वेड लावलं होतं, आणि बोहेमियातल्या अनेक कारखान्यांनी ती झळाळी आपापल्या परीने आणली. दक्षिणेला शुमावाच्या जंगलात ल्योट्झ आणि क्रालिक, उत्तरेला टेप्लिट्झजवळच्या कोस्टेन गावात पालमे-क्योनिग आणि रिंडस्कोफ, शिवाय हाराख. एकाने नवा नमुना काढला की थोड्याच दिवसांत शेजाऱ्याच्या भट्टीतून त्याचं भावंड बाहेर पडे. कारागीरही एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जात, आणि हाताची सवय बरोबर नेत. बहुतेक माल सहीविना विकला जाई. नावाचा कागद चिकटवला तरी पहिल्या धुण्यात निघून जाणारच. आज बाजारात जे जे चमकतं त्याला 'ल्योट्झ' म्हणून किंमत लावली जाते, कारण मोठं नाव तेच. जाणकार मात्र बुडावरची कोरीव सही पाहून सुखावत नाही, आणखी सावध होतो. बिनसहीच्या जुन्या काचेवर नंतर कोणी तरी नाव कोरलेलं असण्याची शक्यता नेहमीच असते.

मग ओळखायचं कसं? पहिल्यांदा बूड. फुंकलेलं भांडं तयार होत आलं की त्याच्या बुडाला एक लोखंडी सळई चिकटवतात आणि फुंकणीकडची बाजू तोडून तिथे तोंड घडवतात. शेवटी ती सळईही तोडतात. ती तुटते तिथे खरखरीत व्रण राहतो. कुणी तो तसाच ठेवला आहे, कुणी घासून गुळगुळीत खळगा केला आहे. ही काचेची बेंबी. माझा अंगठा जिथे नेऊन ठेवला गेला ती हीच जागा.

मग बुडाच्या कडेवरची झीज पाहायची. शंभर वर्षं टेबलावरून सरकलेल्या भांड्याला केसासारखे बारीक ओरखडे पडतात, वाटेल त्या दिशेने. सगळे ओरखडे एकाच दिशेला धावत असतील तर ते म्हातारपण कुणीतरी मुद्दाम आणलेलं. मग तोंड पाहायचं, ते कापून घासलं आहे की पुन्हा आगीत धरून मऊ केलं आहे. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावला की काही काचा झगझगीत हिरव्या तेजाने पेटून उठतात. त्यांत युरेनियम असतं. पोलाउनच्या योसेफ रीडलने अशा पिवळ्या आणि हिरव्या काचेला आपल्या बायकोचं, आनाचं नाव दिलं होतं. आणि बुडावर देशाचं नाव असेल तर तेही वय सांगतं. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्यानंतर तिथे जाणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव घालावं लागू लागलं. एखाद्या बुडावर 'ऑस्ट्रिया' असतं, कारण तेव्हा बोहेमिया त्या साम्राज्यात होता. 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर वस्तू १९१८ च्या नंतरची. राज्यं बुडाली, बुडावरची अक्षरं राहिली.

पण खरं ओळखणं असतं ते अंगावरच्या कामात. ही झळाळी रंगाची नाही, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. भांडं तापलेलं असतानाच कथिलाच्या क्षाराची वाफ त्यावरून फिरवतात. काचेवर एक अतिशय पातळ थर बसतो. त्या थराच्या वरच्या आणि खालच्या अंगावरून परतणारा उजेड एकमेकांत मिसळतो आणि रंग दिसतो. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतो तो हाच खेळ. म्हणजे माझ्या फुलदाणीवरचा जांभळा रंग कोणी तिथे ठेवलेलाच नाही. रोज सकाळी खिडकीतून ऊन येतं आणि तो नव्याने होतो.

ल्योट्झने या झळाळीला वेगळ्याच उंचीवर नेलं. तापलेल्या काचेवर चांदीचा अंश असलेले धागे गुंडाळायचे, आकड्याने ते ओढून लाटा काढायच्या, पुन्हा तापवून अंगात जिरवायच्या आणि मग वर झळाळी चढवायची. त्यांनी याला नाव दिलं 'फेनोमेन'. १९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ल्योट्झच्या काचेला ग्रां प्री मिळालं. 'फेनोमेन'चे धागे अंगात मुरलेले असतात, बोट फिरवलं तर लागत नाहीत. माझ्या फुलदाणीवरचे धागे बोटाला लागतात. ते वरून चढवलेले आहेत, एकमेकांना कुठेही छेदत, नेम नसलेले. असं जाळं कोस्टेनच्या पालमे-क्योनिगची खूण मानलं जातं. क्रालिकनेही जाळी केली आहेत, म्हणून केवळ जाळ्यावरून निवाडा होत नाही. आकार, तोंडाची घडण, हिरव्याची छटा, बुडाचा खळगा हे सगळं एकमेकांना साक्ष देत गेलं तेव्हा कोस्टेनकडे बोट दाखवता आलं. संग्रहालयाच्या भाषेत अशा नावामागे 'बहुधा' लागतं. हा शब्द मला आता आवडतो. त्यात खोटं न बोलण्याची काळजी आहे.

फुलदाणी ल्योट्झची नाही हे कळल्यावरही मी ल्योट्झच्या गावाला गेले. ओटावा नदीच्या काठचं क्लाष्टेर्स्की म्लीन. जर्मनमध्ये क्लोस्टरम्यूले, म्हणजे मठाची गिरणी. १८३६ साली इथे योहान आइस्नरने भट्टी घातली आणि १९४७ साली कारखाना कायमचा बंद पडला. मी गेले तेव्हा ऑक्टोबर होता, धुकं होतं, आणि सगळ्यात मोठा आवाज नदीचा होता. जवळच काश्पेर्स्के होरीच्या संग्रहालयात इथली काच मांडलेली आहे. त्या काचेपुढे उभी असताना मला कारखान्याच्या नावाची गोष्ट समजली, आणि मी पार हलून गेले.

कारखान्याचं पूर्ण नाव 'योहान ल्योट्झ विट्वे'. विट्वे म्हणजे विधवा. योहान ल्योट्झची विधवा. हा योहान ल्योट्झ काचवालाच, पण क्लोस्टरम्यूलेची भट्टी त्याच्या कुटुंबाकडे आली तेव्हा तो हयातही नव्हता. १८५१ साली ती घेतली त्याच्या विधवेने, सुझानेने, आपला दुसरा नवरा वकील गेर्स्टनर याच्यासोबत. १८५५ मध्ये गेर्स्टनरही गेला. त्याने मरणापूर्वी कारखाना सुझानेच्या एकटीच्या नावे करून दिला होता. पुढची चोवीस वर्षं तो तिने चालवला, आणि १८७९ मध्ये मुलीच्या मुलाच्या, माक्स फॉन स्पाउनच्या हाती सोपवला. म्हणजे जगभरचे संग्राहक ज्या नावासाठी जीव टाकतात, त्या नावाचा माणूस या भट्टीपुढे मालक म्हणून कधी उभाच राहिला नाही. जी उभी राहिली तिचं नाव पाटीवर आलं ते फक्त 'त्याची विधवा' एवढंच.

आपल्या जुन्या कागदांत पुरुषाच्या नावापुढे 'बिन' येतं आणि बाईच्या नावापुढे 'कोम'. अमकी कोम तमका. पण तिथे निदान 'अमकी' तरी असते. सुझानेच्या पाटीवर तीही नाही.

तरीही त्या संग्रहालयात उभी असताना मला सुझानेचा हेवा वाटला, तो आक्कासाठी. सुझानेच्या हाती कारखाना आला १८५५ मध्ये. पुढच्याच वर्षी, १८५६ साली, आपल्याकडे विधवेला पुनर्विवाहाची मुभा देणारा कायदा झाला. कायदा झाला, पण घरं बदलली नाहीत. त्यानंतर कितीतरी दशकांनी आक्का विधवा झाली, एकोणीस वर्षांची असताना, आणि त्या दिवशी तिच्या हातातून सगळ्यात आधी काच गेली. आपल्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, इतकं त्या शब्दाला आपण जपतो. आक्काच्या बांगड्यांसाठी मात्र हा शब्द कोणी वापरला नाही. त्या दगडावर ठेचल्या गेल्या.

त्या बांगड्यांशीही बोहेमियाचं नातं आहे. पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानात येणाऱ्या काचेच्या बांगड्या आणि मणी यांत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या मालाचा मोठा वाटा होता, आणि त्या मालाचं मोठं ठाणं उत्तर बोहेमियातलं गाब्लोन्झ. मुंबई बंदरात पेट्या उतरत आणि तिथून कासारांच्या पाठीवर गावोगाव जात. हा पैसा परदेशी जातो ही खंत स्वदेशीच्या काळात फार होती. तळेगाव दाभाडेला १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला तो त्यातूनच, माणसामागे एकेक पैसा गोळा करून. ओगलेवाडीची भट्टी १९१६ ची. एका बाजूला बोहेमियातली एक विधवा काचेचा कारखाना चालवून गेलेली, आणि दुसऱ्या बाजूला त्याच मुलखातली काच हातात घालायची की नाही हे इथे बाईच्या कपाळावरून ठरत होतं. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवेच्या बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव केला. तो वाचला तेव्हा मला आक्काचं मोकळं मनगट दिसलं, गोधडीवर वाकलेलं.

आणि मग वाटलं, सुझानेचं तरी काय. फुंकणीला तोंड लावणारे हात तिचेही नव्हतेच. भट्टीपुढे चार-पाच जणांचा संच असे. एक काच उचलून देई, एक फुंके, मुख्य कारागीर बाकावर बसून नळी मांडीवर फिरवत आकार देई, आणि एखादा पोर तयार भांडं पळत पळत थंड करण्याच्या भट्टीकडे नेई. चेक भाषेत काचेच्या फुंकणीला पिश्टाला म्हणतात. पिश्टाला म्हणजे शिट्टी, पावा. चुलीपुढे बसलेल्या आक्काची फुंकणी लोखंडी होती, आणि तिच्यातून निघणारा आवाजही मला पाव्यासारखाच आठवतो. फुंकलेला श्वास आमच्याकडे निखाऱ्यात विरून जायचा. तिकडे तो काचेच्या पोटात राहिला. माझ्या फुलदाणीची पोकळी म्हणजे कुणा अनामिकाच्या एका श्वासाचं माप आहे.

त्या अनामिकांची नावं मिळणं आणखी अवघड झालं ते १९४५ नंतर. बोहेमियाच्या कडेच्या डोंगरांत बहुतेक वस्ती जर्मनभाषकांची होती. महायुद्ध संपलं आणि चेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लाख जर्मनांना देश सोडावा लागला. त्याआधी याच भूमीवरून ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेलं गेलं होतं. कारखाने सरकारी झाले. गाब्लोन्झच्या कारागिरांनी बव्हेरियात काउफबोइरेनजवळ नवं गाब्लोन्झ वसवलं. गावांची नावं बदलली. क्रालिकचं एलेओनोरेनहाइन आता लेनोरा, कोस्टेन आता कोश्त्यानी. एकाच जागेला दोन नावं, आणि दोन्ही नावं जिभेवर असलेली माणसं दर वर्षी कमी होत जाणारी.

ल्योट्झचं मात्र एक धन वाचलं. प्रत्येक आकाराचा पूर्ण मापाचा कागदी नमुना कापून, त्यावर क्रमांक आणि नक्षीच्या नोंदी लिहून कारखान्यात ठेवत. ते हजारो कागद टिकले, आणि १९८९ मध्ये जर्मनीत त्यांचा स्वतंत्र ग्रंथ छापला गेला. तोवर 'बहुधा' असलेल्या कितीतरी फुलदाण्यांना त्यानंतर खात्रीचं नाव मिळालं. त्या ग्रंथाचं पान उघडलं की शिंप्याच्या कागदी बेतणीसारखी आकृती दिसते. पोटाची गोलाई, मानेची वळणं, पण काच कुठेच नाही. वस्तू मोडली, घर मोडलं, देश मोडला, आणि कागदाचा एक तुकडा अजून सांगतो आहे की अमुक क्रमांकाची ही आमची. मी तो ग्रंथ प्रथम चाळला तेव्हा हात धुऊन बसले होते.

२०२३ च्या डिसेंबरात युनेस्कोने हाताने काच घडवण्याची विद्या मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतली. चेक देशासह सहा देशांनी मिळून ती मांडली होती. त्या यादीत नाव आहे ते विद्येचं. मला ते योग्य वाटतं.

प्राग सोडण्याआधीच्या शेवटच्या वसंतात मी पासाउला गेले. डॅन्यूबच्या काठच्या तिथल्या संग्रहालयात बोहेमियाच्या काचेची दालनांमागून दालनं आहेत. तिथून परतताना एका लहान दुकानात, मागच्या फळीवर, जांभळ्या काचेची एक फुलदाणी दिसली. आकार वेगळा, उंची वेगळी. दुकानदाराने चिठ्ठीवर ल्योट्झ लिहिलं होतं. मी विचारून ती हातात घेतली. अंगावर धाग्यांचं तेच जाळं. माझ्या हिरवीवर एक जागा आहे, मानेच्या जरा खाली, जिथे धागा सुरू होतो. तिथे काचेचा एक जाडसर थेंब आहे, आणि धागा तिथून लगेच पुढे जात नाही. आधी किंचित मागे येतो, स्वतःलाच एक लहानसा वेढा घालतो आणि मग निघतो. इतकी वर्षं तो वेढा मी रोज पाहिला होता. त्या कारागिराचा श्वास तेवढ्यापुरता थांबत असेल, किंवा त्याच्या मनगटाला ती सवय असेल. जांभळीवर, त्याच जागी, तोच थेंब होता, आणि धागा आधी मागे येऊन मग पुढे गेला होता.

कोणत्याही तज्ज्ञाला मी हे सिद्ध करून देऊ शकणार नाही. घडी घातलेली गोधडी पाहून आजीनेही काही सिद्ध केलं नव्हतं. कोपऱ्यावर एक उलटा टाका जास्तीचा, एवढंच तिला पुरे होतं. मी जांभळी फुलदाणी उलटी केली, बुडाच्या खळग्यावर अंगठा ठेवला, आणि त्या परक्या गावात, माझी भाषा कोणालाही येत नसताना, मोठ्याने म्हणाले, "ही त्याच्याच हातची."